हॉलला एसी, चुलीला पत्रा



गेल्या रविवारी आमच्या मंदिराच्या कमिटीची बैठक झाली. विषय एकच होता. महावीर जयंतीच्या आत सभागृहात चार एसी बसवायचे. दातार तयारच होते. प्रत्येक एसीखाली दाताराच्या नावाची पाटी लागणार, हेही ठरले होते. दहा मिनिटांत मंजुरी झाली आणि चहा आला.

मी विचारले, "मागच्या शेडचे काय?"

"कुठली शेड, वहिनी?"

कुठली शेड! ज्या शेडमधला महाप्रसाद तीस वर्षे जेवताय, ती शेड. मंदिरामागे पत्रा टाकलेली, तीन भट्ट्यांची, पश्चिमेचे ऊन थेट आत घेणारी. गेल्या महावीर जयंतीला दुपारी साडेबाराला तिथे पुऱ्या लाटणाऱ्या मावशी लाटणे हातात धरूनच खाली कोसळल्या. सकाळी सहापासून त्या पत्र्याखाली होत्या. आम्ही चौघींनी उचलून त्यांना लिंबाच्या झाडाखाली नेले, ओल्या पंचाने अंग पुसत राहिलो, रिक्षा बोलावली. तीन दिवस त्या दवाखान्यात होत्या. आमचे नशीब की परत आल्या. आत हॉलमध्ये त्या वेळी प्रवचन चालू होते, आणि विषय होता जीवदया. हे मी रचून सांगत नाही, कार्यक्रमपत्रिकेत छापलेले आहे.

कमिटीचे उत्तर असे आले, "एसीचे होऊन जाऊ द्या. शेडचे पुढच्या वर्षी बघू. आणि स्वयंपाकाकडचे तुम्ही बायका बघताच की."

ठीक आहे. मग बायकांनीच बघायचे, म्हणून हे लिहिते आहे.

मी १९८० साली बी.कॉम. झाले. नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च आजपर्यंत मीच लिहिते. म्हणून आधी हिशेबाने बोलते, धर्माचे नंतर.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी डोक्यावर आलेले ऊन एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता ओतते. वॅट म्हटले की डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून मी इस्त्री धरते. आपल्या घरातली साधी इस्त्री सुमारे १००० वॅटची असते. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. आता तुमची दहा बाय बाराची खोली घ्या. तिच्या छतावर भर दुपारी अकरा इस्त्र्या चालू करून ठेवल्या आहेत असे समजा. त्यातले थोडे ऊन परत फिरते, थोडी उष्णता वारा नेतो, पण बरीचशी स्लॅब पिऊन घेतो आणि रात्री आपल्याला परत देतो. रात्री दहा वाजता पलंगावर उभे राहून छताला हात लावून बघा. तव्यासारखे लागेल.

आणि आपण काय करतो? अकरा इस्त्र्या वर तशाच चालू ठेवतो आणि खाली दीड टनाचा एसी आणतो. हा एसी पूर्ण जोरात चालला तर साधारण पाच इस्त्र्यांइतकी उष्णता खोलीतून ओढून बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे कुठे, तर गल्लीत. शेजारणीच्या खिडकीसमोर. स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिथेच टाकतो. नळ सुरू ठेवून फरशी पुसत बसणाऱ्या बाईला आपण काय म्हणू? आधी नळ बंद कर, म्हणू. ऊन छतावर पडण्याआधी अडवणे म्हणजे नळ बंद करणे. बाकी सगळे पुसणे.

अडवायला काय लागते? कापड. बस्स.

शेतातली हिरवी जाळी तुम्ही पाहिली आहे. आपल्या जिल्ह्यात ढोबळी मिरचीच्या शेडनेटवर असते ती. मिरचीच्या रोपाला ऊन सोसत नाही हे शेतकऱ्याला कळते. आमच्या कमिटीला मावशींचे कळत नाही. त्याच जातीचे, पण जाड विणीचे आणि कडा दुमडून शिवलेले कापड आता बाजारात तयार मिळते. त्रिकोणी किंवा चौकोनी, कोपऱ्यांना लोखंडी कड्या. त्याला इंग्रजीत शेड सेल म्हणतात. सेल म्हणजे गलबताचे शीड. शिडासारखे ताणून बांधायचे म्हणून ते नाव. ७५ टक्क्यांची जाळी घेतली तर पाऊण ऊन वरच अडते. म्हणजे अकरातल्या आठ इस्त्र्या बंद. जाळी स्वतः तापते, पण ती हवेत असते, आरपार वारा जातो, त्यामुळे तिची उष्णता स्लॅबपर्यंत फारशी पोचत नाही.

पत्र्याचे बरोबर उलटे. पत्रा सावली देतो खरा, पण स्वतः तापून लाल होतो आणि खालच्या माणसाला वरून भाजतो. वारा आरपार जात नाही, त्यामुळे गरम हवा खालीच कोंडते. त्यात तीन भट्ट्या. ही शेड नव्हे, ही भट्टीतली भट्टी.

आता माझा स्वतःचा खर्च, वहीतून उतरवून देते. आमच्या गच्चीवर सासूबाईंच्या खोलीच्या वर मी पंधरा बाय वीसचे कापड बांधले. कापड ३६०० रुपये. चार लोखंडी पाइप आणि वेल्डिंग ६०००. हूक, टर्नबकल, दोर ९००. मजुरी १५००. एकूण १२,००० रुपये. कापड चार वर्षे टिकेल असे धरले, बाकीचे सामान बारा वर्षे. घसारा काढला तर वर्षाला १६०० रुपये पडतात.

एसीचा हिशेब घ्या. ३८,००० चा एसी दहा वर्षे धरला तर वर्षाला ३८०० घसारा. दिवसाला सहा तास, तासाला दीड युनिट, उन्हाळ्याचे नव्वद दिवस, म्हणजे ८१० युनिट. दहा रुपयांनी ८१००. सर्व्हिसिंगचे १०००. झाले १२,९००. कापडाच्या आठपट.

तुम्ही म्हणाल, कापडाने एसीसारखे गार होते का? नाही होत. खोटे सांगणार नाही. बाहेर हवा बेचाळीस असेल तर कापडाखालीही हवा जवळजवळ तेवढीच असते. फरक पडतो तो अंगावर आणि छतावर पडणाऱ्या उन्हात, आणि तो फरक फार मोठा असतो. झाडाखाली आणि झाडाबाहेर उभे राहून बघा, लगेच कळेल. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, त्यांच्या खोलीत एसी आहे आणि तो मी काढणार नाही. म्हातारी, आजारी, बाळंतीण माणसे, लहान बाळे यांना तो लागला तर लावलाच पाहिजे. त्यांच्या जिवाशी काटकसर करू नका. पण पूर्वी सहा-सात तास चालणारा तो एसी आता तीन तासांत बंद करता येतो, कारण रात्री छत तापलेले नसते. माझे भांडण एसीशी नाही. वरची सावली न करता आधी एसी घेण्याशी आहे.

आता धर्माचे.

आपण कापडावर विश्वास ठेवणारी माणसे आहोत. पाणी कापडाने गाळून पितो. मुनीमहाराजांच्या आहारासाठी चौका लावतो तेव्हा चुलीवर आणि पाण्याच्या जागेवर चंदोवा बांधतो. का? वरून एखादा जीव अन्नात पडू नये, त्याची हिंसा होऊ नये म्हणून. चुलीवर कापड बांधायचे हे आपल्याला आजीने शिकवले. मग त्याच चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोक्यावर कापड बांधायचे, हे वेगळे शिकवावे लागते का? मुंगी चिरडू नये म्हणून आपण खाली बघून चालतो. एकदा मान वर करून पत्र्याकडेही बघू या.

अपरिग्रहावर दरवर्षी व्याख्यान ऐकतो. अपरिग्रह म्हणजे सगळे टाकून देणे नव्हे, ते मुनींचे. आपल्या श्राविकांचे परिग्रहपरिमाण, म्हणजे गरजेला मर्यादा घालणे. जिथे एक कापड पुरते तिथे चार यंत्रे आणणे हे त्या मर्यादेत बसते का, एवढे प्रत्येकीने स्वतःला विचारावे. आणि वीज काही आकाशातून पडत नाही. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळसा जाळून होते. तिथल्या राखेत आणि धुरात किती जीव जातात ते आपल्याला दिसत नाही इतकेच.

मग कमिटीला कापड का सुचत नाही? मला विचाराल तर कारण साधे आहे. कापडावर पाटी लावता येत नाही. संगमरवरावर नाव कोरता येते, एसीखाली नाव लावता येते, पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव लिहिलेले मी पाहिले आहे. मागच्या शेडवर ताणलेल्या जाळीवर नाव लिहिले तर वाचणार कोण? तिथे फक्त बायका असतात.

हे फक्त आमच्याच मंदिरातले दुखणे नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर लाखो माणसे एका सोहळ्यासाठी भर उन्हात बसली होती. व्यासपीठावर छत होते, मैदानावर नव्हते. उष्माघाताने १४ माणसे गेली. ऊन सगळ्यांवर सारखे पडते, सावलीची मात्र वाटणी होते. ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही, हे बघणे म्हणजेच दया. दुसरीकडे २०२४ च्या उन्हाळ्यात पुदुच्चेरीत सिग्नलला थांबणाऱ्या दुचाकीवाल्यांसाठी रस्त्यावर हिरव्या जाळ्या बांधल्या. स्पेनमधल्या सेव्हिल गावात उन्हाळा आला की अरुंद बाजारपेठांवर या घरापासून त्या घरापर्यंत कापडे ताणतात. कोणी त्याला झोपडपट्टी म्हणत नाही. बघायला पर्यटक जातात.

"दिसायला कसे दिसेल?" हा प्रश्न मला माझ्या घरातही विचारला गेला. सूनबाई म्हणाल्या, "आई, मंडप घातल्यासारखे दिसेल." मी म्हटले, दिसू दे, घरात कार्य आहे म्हणून सांगू. आता संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवण उरकून त्याच तिथे नातवाला घेऊन बसतात.

कापड बांधताना मी चुकलेही आहे. त्या चुका सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिल्या वर्षी स्वस्तात पडते म्हणून प्लास्टिकची निळी ताडपत्री बांधली, तीही सपाट. वारा अडला, खाली वाफ कोंडली. मे महिन्यात वळीव आला, मधे पाण्याचा हौद झाला आणि त्या वजनाने कठड्याच्या दोन विटा निघाल्या. खाली कोणी नव्हते म्हणून बरे. तेव्हापासून शिकले की जाळीच घ्यायची, आणि समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दोन खाली ठेवायचे. त्याने कापड ताठ राहते आणि वाऱ्यात फडफडत नाही. विटांच्या कठड्याला कधीही बांधू नका. पिलर किंवा बीममध्ये हूक बसवा, नाहीतर पाइप रोवा. गवंड्याला विचारा, लाजू नका.

दुसरी चूक अशी की जाळी स्लॅबवर अंथरली. काही उपयोग झाला नाही. जाळी आणि छत यांच्यात वारा खेळायला जागा हवीच. गच्चीवर वावरायचे असेल तर डोक्याच्या वर, नाहीतर निदान दीड-दोन फूट.

पश्चिमेचे ऊन तिरपे येते. त्याला वरचे कापड अडवू शकत नाही. त्या बाजूला उभा पडदा लागतो, खिडकीच्या बाहेरून. काचेच्या आत जाड पडदा लावून फारसा फायदा नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेले असते.

महत्त्वाचे म्हणजे ही जाळी प्लास्टिकच्या धाग्याची असते. आगीजवळ वितळते आणि पेटते. म्हणून भट्टीच्या थेट वर ती कधीच बांधू नका. आमच्या शेडसाठी मी सुचवले आहे ते असे: पत्रा आहे तसा राहू दे, त्याच्या वर दीड फूट अंतर सोडून जाळी ताणा, म्हणजे ज्वाळा आणि जाळी यांच्यात पत्रा राहील. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. वरच्या बाजूला गरम हवा निघायला वाट ठेवा. पश्चिमेला भट्ट्यांपासून लांब पडदा. लाटणाऱ्या बायकांना भट्टीपासून दूर, मोकळ्या अंगणात कापडाखाली बसवा. पुऱ्या परातीतून नेता येतात.

जीवदयेचेही बघा. सैल, लोंबणारी किंवा फाटलेली जाळी पाखरांच्या पायात अडकते. ताठ बांधा, कडा शिवून घ्या, फाटली की त्याच दिवशी उतरवा. मृगाआधी काढून, धुऊन, वाळवून घडी घालून ठेवा. उन्हात कुजेपर्यंत वर ठेवली तर तिचे तुकडे वाऱ्यावर जातात, तो कचरा आपलाच. उन्हाने लवकर न कुजणारा, यूव्ही प्रक्रिया केलेला माल मागून घ्या, तो जास्त टिकतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या आणि पाइप रोवू न शकणाऱ्या मैत्रिणींनी दोन जुन्या साड्या दुहेरी करून बाल्कनीला बाहेरच्या बाजूने बांधाव्यात. खर्च शून्य. माझे माहेर माळवदाचे. उन्हाळ्यात आई अंगणात चार खांबांना जुने लुगडे बांधायची आणि त्याखाली पापड वाळत घातलेल्या बाजांची राखण करत आम्ही बसायचो. पापडांना ऊन, पोरींना सावली. इतके साधे होते ते.

अंगणावरून आठवले. मंदिरात आपण चपला बाहेर काढतो. मे महिन्यात अकरानंतर प्रदक्षिणेच्या फरशीवर म्हाताऱ्या बायका पाय उचलून उचलून चालतात, मी पाहते. काही जणींनी दर्शनाला यायचेच सोडले आहे. प्रदक्षिणेच्या वाटेवर कापडाची एक पट्टी ताणली तर त्या परत येतील. आणि अनवाणी विहार करत आलेले मुनीमहाराज, आर्यिका माताजी त्याच फरशीवरून जातात. एसीच्या हॉलमध्ये बसून त्यांच्या तपाचे कौतुक करायला आपण तयार असतो, वाटेवर सावली धरायला मात्र वर्गणी नसते.

माझा निर्णय मी कमिटीला लेखी दिला आहे. एसीसाठी आमच्या घरची वर्गणी यंदा येणार नाही. त्याऐवजी शेडच्या कापडासाठी १२,००० रुपये देते. नाव नको, पाटी नको, पावती मात्र हवी. बी.कॉम. झालेली आहे मी. आणि खाली एक ओळ लिहिली आहे: महावीर जयंतीच्या आत शेडवर सावली झाली नाही, तर मी त्या पत्र्याखाली लाटायला बसणार नाही आणि मावशींनाही बसू देणार नाही. त्यांची त्या दिवसाची मजुरी मी घरून देईन. महाप्रसाद म्हणून सर्वांना हॉलमध्ये, एसीखाली, फुटाणे आणि गूळ वाटावा.

खाली माझ्याशिवाय सहा जणींनी सह्या केल्या आहेत. त्यांतल्या दोघींचे यजमान कमिटीत आहेत.

तुमच्या गावातही अशी एक शेड असेल. मंदिरामागे, मंगल कार्यालयामागे, नाहीतर तुमच्याच घराच्या मागच्या बाजूला, जिथे धुणेभांडी करणारी बाई दुपारी दोन वाजता उन्हात बसून भांडी घासते. आज दुपारी तिथे जाऊन दहा मिनिटे उभ्या राहा. हातात घड्याळ ठेवा. दहा मिनिटे झाली की कापड आणायला निघा.

जय जिनेंद्र.